मासळीचा ओटा, बर्फ आणि तपासणी : वाचकांच्या शंका

घाटाच्या अलीकडे राहणाऱ्या माणसांना मासळीची एवढी काळजी असेल, असे हा विषय जाहीर करताना वाटले नव्हते. सांगली, मिरज, कराड आणि सातारा येथून आलेल्या पत्रांपैकी ज्यांत एकच शंका पुन्हा पुन्हा होती ती एकत्र करून, आणि काही पत्रे थोडी आटोपशीर करून, येथे घेतली आहेत. उत्तरे लिहिणारा मी अन्न व औषध प्रशासनात बरीच वर्षे नोकरी करून निवृत्त झालेला माणूस आहे. त्यामुळे तपासणी करणाऱ्यांची बाजू माझ्याकडून थोडी अधिक मांडली गेली, तर वाचकांनी ते समजून घ्यावे.

प्रश्न : आमच्या भागातील मासळी बाजारात महिन्यापूर्वी दोन अधिकारी आले. त्यांनी एका ओट्यावरून सुरमई घेतली, तिचे तुकडे चार ठिकाणी भरून लाख लावली, कागदांवर सह्या घेतल्या आणि ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी तोच विक्रेता त्याच ओट्यावर तशीच सुरमई विकत होता. मग या तपासणीतून साधले काय? (एक गृहिणी, विश्रामबाग, सांगली)

तुम्ही पाहिलेला प्रसंग नमुना घेण्याचा होता. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ प्रमाणे अन्न सुरक्षा अधिकारी ओट्यावरून जो मासा नमुना म्हणून घेतो, त्याची किंमत तो विक्रेत्याला मोजतो, त्याचे चार भाग करतो आणि प्रत्येक भाग विक्रेत्यासमोर सीलबंद करतो. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन भाग सहायक आयुक्तांकडे, म्हणजे कायद्याच्या भाषेत पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, राखून ठेवले जातात आणि चौथा भाग विक्रेत्याने मागणी केल्यास मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवला जातो. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यावा, अशी तरतूद आहे आणि तो अहवाल मान्य नसल्यास विक्रेत्याला तीस दिवसांत अपील करता येते. केवळ नमुना घेतला एवढ्या कारणावरून मधल्या काळात कुणाचाही ओटा बंद करता येत नाही, आणि तसा तो करता येऊ नये, असे मलाही वाटते.

तुमच्या प्रश्नातली खरी अडचण मात्र वेगळी आहे आणि ती आम्हालाही नेहमी टोचत असे. तेलाचा डबा, तिखटाची पुडी किंवा बिस्किटाचा पुडा अहवाल येईपर्यंत दुकानात पडून राहू शकतो, म्हणून नमुन्यावर उभी असलेली पद्धत त्या मालाला शोभते. बर्फात उत्तम ठेवलेली सुरमईसुद्धा आठवडा-दीड आठवड्यापलीकडे टिकत नाही, आणि सांगलीच्या बाजारात ती रविवारी आली तर रविवारीच संपते. अहवालाचा लिफाफा उघडेपर्यंत तो मासा खाणाऱ्याच्या घरातील भांडी घासून, पालथी घालून झालेली असतात. त्या अहवालाचा उपयोग विक्रेत्यावर आणि त्याला माल देणाऱ्या व्यापाऱ्यावर पुढील कारवाई करण्यासाठी होतो. त्या दिवशीच्या गिऱ्हाइकाला त्याचा काही आधार नसतो.

त्या दिवशीच्या गिऱ्हाइकाला आधार असतो तो अधिकाऱ्याच्या डोळ्यांचा, नाकाचा आणि खिशातल्या तापमापकाचा. एक प्रसंग सांगतो. रत्नागिरीहून आंबा घाटाने आलेला एक टेम्पो आम्ही पहाटे साडेपाचच्या सुमारास बाजाराच्या दारातच थांबवला होता. प्लॅस्टिकचे क्रेट एकावर एक रचलेले, वर ताडपत्री, आणि वरच्या क्रेटमध्ये चुरा बर्फाचा जाड थर, त्यामुळे पाहणाऱ्याला माल अगदी थंडगार वाटावा. तापमापकाची सुई वरच्या क्रेटमधील सुरमईच्या पोटात घातली तेव्हा आकडा दोन अंशांवर थांबला. चालक म्हणाला, "साहेब, झालं का?" आम्ही क्रेट उतरवायला लावले. सर्वांत खालच्या क्रेटमध्ये बर्फ नव्हताच. वरून गळलेले तांबूस पाणी साचले होते आणि त्यात अर्धे बुडालेले बांगडे होते. तेथे सुई अकरावर गेली. बांगड्याचे पोट बोटाने दाबले तर खळगा पडला आणि तो तसाच राहिला. त्या क्रेटसाठी प्रयोगशाळेची गरज नव्हती.

अशा वेळी कायद्याच्या कलम ३८ खाली अधिकारी तो माल जप्त करू शकतो आणि माल नाशवंत असून खाण्यास अयोग्य झाला आहे, अशी त्याची खात्री पटली, तर व्यावसायिकाला लेखी नोटीस देऊन तो नष्ट करू शकतो. ओटा, पाणी, बर्फ किंवा स्वच्छता यांत उणीव आढळली, तर कलम ३२ खाली मुदत देऊन सुधारणा नोटीस काढता येते आणि ती न पाळल्यास परवाना निलंबित होऊ शकतो. बाजारात अधिकारी येतात तेव्हा त्यांनी किती नमुने घेतले, हे वर्तमानपत्रात छापून येते. त्यांनी किती क्रेट तळापर्यंत उपसून पाहिले, हे कुठेच येत नाही आणि मला विचाराल तर मोजायची गोष्ट ती आहे.

प्रश्न : मी साताऱ्यात पंधरा वर्षे मासे विकते. माझे दुकान नाही, पाटी घेऊन बसते. मागच्या महिन्यात साहेबांनी नोंदणी आणि बर्फाची पावती मागितली. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंना मात्र काही विचारले नाही, कारण त्यांचे मालक धरणात जाळे टाकतात. हा कुठला न्याय? (एक मासळी विक्रेती, सातारा)

ताई, तुमचा राग समजण्यासारखा आहे, पण साहेबांनी केलेला भेद कायद्यातच आहे. शेतकरी आणि मच्छीमार यांना, त्यांच्या स्वतःच्या उत्पादनापुरते आणि मासेमारीपुरते, या कायद्यातून वगळले आहे. मासा पकडणाऱ्याच्या हातात असेपर्यंत तो कायद्याच्या व्याख्येतील अन्न होत नाही. मच्छीमार नसलेल्या दुसऱ्या कुणाच्या हातात तो गेला की त्याच क्षणी होतो. तुमच्या शेजारणीकडील चिलापी तिच्या घरच्या माणसाने जाळ्यात धरलेली असेल, तर ती पहिल्या प्रकारात मोडते. तुम्ही चिपळूणकडून कुंभार्ली घाटाने आलेला माल व्यापाऱ्याकडून विकत घेऊन विकता, म्हणून तुम्ही अन्न व्यावसायिक ठरता, मग माल एक पाटी असो की एक ट्रक. उद्या त्याच शेजारणीने हंगाम नाही म्हणून तुमच्याच व्यापाऱ्याकडून पापलेट आणून विकले, तर तिलाही नोंदणी लागेल. पाटीकडे पाहून हा फरक कळत नाही, हेही खरे आहे, आणि त्यामुळे बाजारात कुरबुर होतेच.

तुमच्यासारख्या छोट्या विक्रेत्यांना परवाना लागत नाही, नोंदणी पुरते. अर्ज ऑनलाइन करायचा असतो, शुल्क नाममात्र असते आणि छायाचित्र व ओळखीचा पुरावा एवढ्यावर काम होते. मिळणारा क्रमांक चौदा अंकी असतो. नोंदणीचा क्रमांक २ ने सुरू होतो आणि परवान्याचा १ ने. कुणी एजंट तुमच्याकडून यासाठी हजारो रुपये मागत असेल, तर त्याच्याकडे जाऊ नका. सहायक आयुक्त (अन्न) यांच्या कार्यालयात थेट जाऊन विचारा.

आता बर्फाच्या पावतीविषयी सविस्तर सांगतो, कारण साहेबांनी ती विनाकारण मागितली, असे तुमच्या पत्राचा सूर सांगतो. माशाला लागणारा बर्फ हा माशाइतकाच अन्नाचा भाग धरला जातो आणि तो पिण्यायोग्य पाण्याचाच असावा लागतो. बर्फाचे कारखाने दोन प्रकारचा माल काढतात: एक खाण्याचा आणि दुसरा औद्योगिक वापराचा, ज्याचे पाणी कुठून आले हे कुणी विचारत नाही. दोन्ही लाद्या दिसायला सारख्याच असल्याने, सरबताच्या गाड्यांवर आणि मासळीवर दुसराच बर्फ सर्रास जात असे. म्हणून महाराष्ट्रात जून २०१८ पासून अखाद्य बर्फात निळा रंग मिसळणे सक्तीचे करण्यात आले. रंगाचे प्रमाण अगदी थोडे असते, पण लादीवर निळी झाक स्पष्ट दिसते. तुमच्या पाटीत निळसर बर्फ असेल, तर पावती असो वा नसो, तो माशाला लावू नका. बर्फ पांढरा असेल, तर पावती हाच तुमचा बचाव आहे, कारण उद्या मासा जंतूंमुळे नमुन्यात नापास झाला, तर दोष पाण्याचा, बर्फाचा की हाताळणीचा, हे ठरवताना तुमच्या हातात दाखवण्यासारखे काहीतरी असायला हवे.

आणखी दोन गोष्टी. लादी रस्त्यावर आपटून किंवा पोत्यात घालून फोडली जाते, तेव्हा खाण्याच्या बर्फाचाही अखाद्य बर्फ होतो. आणि आपल्याकडच्या उन्हात एक किलो माशाला साधारण एक किलो बर्फ धरावा लागतो. वरून शोभेला मूठभर टाकून भागत नाही, खाली थर, मग मासे, मग पुन्हा थर, अशी रचना करावी लागते. वितळलेले पाणी निघून जाण्यासाठी पाटीला किंवा खोक्याला खालून वाट ठेवा. त्या पाण्यात मासा भिजत राहिला, तर बर्फावर केलेला खर्च वाया जातो.

अधिकाऱ्याने मुद्दाम छळ केला, असे कधी वाटले, तर एवढे लक्षात असू द्या की कारण नसताना, केवळ त्रास देण्यासाठी माल जप्त करणाऱ्या अधिकाऱ्यालाही कलम ३९ खाली एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र पावती मागणे हा छळ नाही.

प्रश्न : माशांवर माशी बसत नसेल तर त्याला फॉर्मॅलिन लावलेले असते, असे मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत सांगतात. हे खरे आहे का? घरी तपासता येते का? (एक निवृत्त शिक्षक, मिरज)

माशी न बसणे हा पुरावा नाही. भरपूर बर्फाखाली ठेवलेल्या माशावरही माशा बसत नाहीत, आणि या चित्रफितींमुळे सर्वांत नीट बर्फ वापरणाऱ्या विक्रेत्यावरच संशय घेतला जातो, हा त्यातला विनोद.

भीतीचे मूळ मात्र खरे आहे. फॉर्मॅलिन म्हणजे फॉर्मल्डिहाइड वायूचे पाण्यातील द्रावण. शरीरशास्त्राच्या वर्गात बरण्यांतून अवयव ठेवतात ते याच्यातच. अन्नात ते घालण्यास परवानगी नाही, आणि फॉर्मल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. २०१८ च्या जूनमध्ये केरळ सरकारच्या 'ऑपरेशन सागर राणी' या मोहिमेत सीमेवरील तपासणी नाक्यांवर फॉर्मॅलिन लावलेली मासळी मोठ्या प्रमाणावर पकडली गेली, आणि त्यानंतरच्या महिन्यात मडगावच्या घाऊक बाजारातील मासळीवरून गोव्यात एवढा गदारोळ झाला की तेथील सरकारने बाहेरच्या राज्यांतून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदीच घातली. ज्या मालाला हजार-दीड हजार किलोमीटर प्रवास करायचा असतो आणि ज्याच्या मालकाला बर्फाचा खर्च वाचवायचा असतो, त्या मालाच्या बाबतीत हा संशय घेण्यास जागा आहे. रात्री निघून पहाटे पोहोचणाऱ्या रत्नागिरीच्या मालाला तो धोका पत्करण्याची गरज सहसा पडत नाही.

कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने यासाठी कागदी पट्ट्यांचा एक सोपा संच तयार केला आहे. पट्टी माशाच्या अंगावर घासून तिच्यावर द्रावणाचा थेंब टाकायचा आणि काही मिनिटांत बदलणारा रंग सोबतच्या तक्त्याशी जुळवायचा, एवढीच कृती असते. तपासणी पथके असे संच वापरतात आणि गृहनिर्माण संस्थेने किंवा महिला मंडळाने मिळून एखादा आणला, तरी हरकत नाही. पण त्यावरून कुणाच्या ओट्यावर जाऊन भांडू नका, कारण एक गोष्ट या पट्टीला कळत नाही: काही माशांच्या अंगात मेल्यानंतर फॉर्मल्डिहाइड आपोआप तयार होते, आणि आपला बोंबील त्यात अग्रेसर आहे. बोंबलावर पट्टीचा रंग बदलला म्हणून विक्रेत्याने काही लावले, असे म्हणता येत नाही. कारवाई व्हायची तर ती प्रयोगशाळेच्या अहवालावरच होते.

हाताला लागणारी खूण विचाराल, तर अंग रबरासारखे ताठ, त्वचा कोरडी, डोळे मात्र खोल गेलेले आणि माशाचा स्वतःचा वास अजिबात नाही, अशी विसंगती दिसली की घेऊ नये. ताज्या माशात सगळ्या खुणा एकमेकींशी जुळतात. कल्ले लालभडक आहेत, पण डोळे दुधाळ झाले आहेत, तर त्या लाल रंगाचीही शंका घ्यावी. ओल्या रुमालाने कल्ला पुसून पाहावा.

प्रश्न : मासे साफ करण्याआधीचे वजन धरतात की नंतरचे? (एक वाचक, कुपवाड)

रूढ पद्धत साफ करण्याआधीच्या वजनाची आहे आणि भाव त्याच हिशेबाने सांगितलेला असतो. साफ केलेल्या माशाचा भाव हवा असेल, तर तो आधी ठरवून घ्यावा. बर्फ आणि पाणी निथळूनच वजन व्हायला हवे. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी होऊन त्यावर शिक्का असावा लागतो. तो नसेल, तर तक्रार वैधमापन कार्यालयाकडे करायची, अन्न प्रशासनाकडे नाही.

प्रश्न : बांगड्याचे कालवण खाल्ल्यावर अर्ध्या तासात माझा चेहरा लालबुंद झाला, डोके ठणकू लागले आणि छातीत धडधड सुरू झाली. डॉक्टरांनी मासळीची ॲलर्जी सांगितली. मी लहानपणापासून बांगडे खातो. विक्रेता म्हणतो की मासा ताजा होता, आणि घरी कुणालाही वास आला नव्हता. तपासणीत हे पकडता येते का? (एक वाचक, कराड)

तुमच्या डॉक्टरांचे निदान खोडून काढण्याचा मला अधिकार नाही, पण त्यांना एक प्रश्न अवश्य विचारा: ही हिस्टामिनची विषबाधा असू शकते का? बांगडा, सुरमई, कुपा, तारली अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचे एक अमिनो आम्ल भरपूर असते. मासा मेल्यानंतर तो उबेत राहिला, तर जंतू त्या हिस्टिडिनचे हिस्टामिन करतात. ॲलर्जीत आपले शरीर स्वतः जे रसायन सोडते, तेच येथे ताटातून येते, म्हणून लक्षणे हुबेहूब ॲलर्जीसारखी असतात: चेहरा लाल होणे, डोकेदुखी, धडधड, अंगावर गांधी, कधी तोंडात तिखट चुरचुर. बहुतेकांना काही तासांत किंवा एखाद्या दिवसात आराम पडतो, परंतु श्वासाला त्रास झाला किंवा चक्कर आली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

यात दोन गोष्टी फसव्या आहेत. हिस्टामिन शिजवण्याने नष्ट होत नाही, त्यामुळे कालवण कितीही उकळले तरी उपयोग नाही. आणि मासा दिसायला व वासाला ठीक असतानाच त्याचे प्रमाण वाढलेले असू शकते; विक्रेता खोटे बोलत असेलच असे नाही. मासा एखाद्या पहाटे बंदरावर काही तास बर्फाविना पडून राहिला असेल आणि नंतर चोख बर्फात आला असेल, तर पुढचा बर्फ वाढ मंद करतो. आधीच तयार झालेले हिस्टामिन तो काढून टाकत नाही. वर सांगितलेल्या टेम्पोतील खालच्या क्रेटची मला आठवण राहिली ती याच कारणाने. त्यात बांगडेच होते, आणि ते बाजारात पोहोचल्यावर धुऊन, नव्या बर्फावर मांडले असते, तर दुपारपर्यंत कुणालाही काही कळले नसते.

तपासणीत हे पकडता येते का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे: हिस्टामिन प्रयोगशाळेत मोजता येते, पण बाजारात त्याचा अंदाज फक्त तापमानावरून बांधता येतो. म्हणून माल शून्य ते चार अंशांच्या आत आला का, हे बाजाराच्या दारात पाहणे अधिक उपयोगी पडते. पुन्हा असे झाले, तर उरलेले कालवण आणि शक्य झाल्यास कच्चा तुकडा फेकून न देता स्वच्छ डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवा, कुठून किती वाजता घेतले ते लिहून ठेवा, आणि त्याच दिवशी अन्न प्रशासनाला कळवा. त्याच खेपेतील मासे खाऊन आणखी दोघा-चौघांना त्रास झाला असेल, तर त्याचा धागा जुळतो, एरवी प्रत्येकाच्या कागदावर ॲलर्जी एवढेच लिहिले जाते.

प्रश्न : पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तरी बाजारात पापलेट दिसते. ते कुठून येते? (एक वाचक, वाई)

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस बंदी असते. पूर्व किनाऱ्यावरील बंदी १५ एप्रिलला सुरू होऊन १४ जूनला उठते. म्हणजे जूनच्या उत्तरार्धात आंध्र आणि तमिळनाडूच्या नौका समुद्रात असतात आणि तेथील माल आपल्याकडे येऊ शकतो. त्याखेरीज शीतगृहातील गोठवलेला माल असतो. गोठवलेला मासा वाईट नसतो, उणे अठरा अंशांत नीट ठेवलेला असेल तर उन्हात पडलेल्या ताज्यापेक्षा चांगलाच, पण तो ओट्यावर वितळवून ताजा म्हणून विकणे ही फसवणूक आहे. अशा माशाच्या मांसातून दाबल्यावर पाणी सुटते आणि फोडी कापताना कडा फाटतात. तो घरी नेऊन पुन्हा गोठवू नये.

या दोन महिन्यांत उजनीची चिलापी, आंध्रच्या तळ्यांतील रोहू व कटला यांवर भर द्यावा, हे उत्तम. पाण्याच्या टाकीत जिवंत मिळणारा काळसर, मिशाळ मासा मात्र पारखून घ्या. आफ्रिकन मागुराच्या संवर्धनावर आपल्याकडे बंदी आहे; तो कत्तलखान्यांतील कुजके मांस घालून पोसला जातो आणि नदीत सुटला तर तेथील देशी मासे संपवतो. त्याविरुद्धची कारवाई मुख्यतः मत्स्यव्यवसाय विभाग करतो.

प्रश्न : कृष्णेत मासे मरून तरंगू लागले की काही जण ते गोळा करून नेतात. ते बाजारात येत असतील का आणि कोण तपासते? (सांगली आणि मिरजेहून आलेली चार पत्रे)

येत असतील, ही शंका रास्त आहे आणि तपासणीची सर्वांत कच्ची बाजूही हीच आहे. नदीत सांडपाणी किंवा कारखान्याचे पाणी शिरले की पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरून मरतात. कशामुळे मेले हे त्या सकाळी कुणालाच सांगता येत नाही, म्हणून ते खाऊ नयेत, जनावरांनाही घालू नयेत. पाण्याचे नमुने घेणे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे काम, मेलेले मासे उचलून पुरणे स्थानिक स्वराज्य संस्थेचे, आणि ओट्यावर आलेला मासा अन्न प्रशासनाचा. पुलाखाली मेलेला मासा गोळा करणारा माणूस मात्र मासे पकडणारा आहे की विकणारा, या वादात तो दिवस निघून जातो. माझ्या मते कायद्यातली सवलत जाळ्यात सापडलेल्या जिवंत माशासाठी आहे. तरंगणारा मासा उचलून विकणाऱ्याने तिच्यामागे लपू नये आणि अधिकाऱ्याने त्याला लपू देऊ नये. अशी बातमी आली की निदान चार-पाच दिवस नदीचा मासा घेऊ नका. मेल्यावर उचललेल्या माशाचे पोट फुगलेले, कल्ले फिकट तपकिरी आणि खवले हात लावताच निघणारे असतात.

प्रश्न : आमच्या बाजारात ओट्यांना पाणी नाही, गटार उघडे आहे आणि तपासणी कधी झाली हे कुणी सांगत नाही. तक्रार नेमकी कुणाकडे करावी? (साताऱ्याचे एक वाचक आणि इतर सहा जण)

ओटे, नळ, गटार, कचरा, जाळीचे दरवाजे आणि मोकाट कुत्री हे सर्व नगरपरिषदेचे किंवा महानगरपालिकेचे आहे, कारण बाजार तिचा आहे. मासा, बर्फ, विक्रेत्याची नोंदणी आणि त्याच्या हाताची स्वच्छता हे अन्न प्रशासनाचे आहे. एकाच तक्रारीत दोन्ही लिहिले, की प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते, म्हणून दोन स्वतंत्र अर्ज करा आणि दोन्हींची पोच घ्या. अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. तक्रारीत तारीख, वेळ, ओट्याची खूण आणि काय पाहिले हे लिहा. "सगळीकडे घाण आहे" या वाक्यावरून कुणालाही कुठे जावे हे कळत नाही.

स्वतः नमुना तपासून घेण्याचा अधिकारही कलम ४० खाली ग्राहकाला आहे. शुल्क भरून तुम्ही विकत घेतलेला मासा अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकता आणि तो कायद्याला धरून नसल्याचे निष्पन्न झाले तर शुल्क परत मिळते. मात्र हा मासा तपासणीला देणार आहे, हे खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावे लागते. हे वाक्य ओट्यासमोर उभे राहून उच्चारणे सोपे नाही, म्हणून सोबत एखादी व्यक्ती असावी.

तपासणी कधी झाली हे जाणून घेण्यासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकाच विषयावरचा आणि दीडशे शब्दांच्या आतला मजकूर, आणि तीस दिवसांत उत्तर. अर्जात "तपासणी का करत नाही?" असे विचारू नका, कारणे सांगणे ही माहिती होत नाही, असे उत्तर येईल आणि अर्ज निकाली निघेल. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक मासळी बाजारात झालेल्या तपासण्यांच्या अहवालांच्या प्रती, दिलेल्या सुधारणा नोटिसांच्या प्रती आणि नष्ट केलेल्या मालाचे वजन, एवढेच मागा. तपासणी झालीच नसेल, तर कार्यालयाला तसे सही करून लिहून द्यावे लागते.